मनगटावरचे पांढरे पट्टे

वलगावहून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मले बंडीतून नेलं, तवा नवऱ्यानं वाटंतच बजावलं होतं, "पानी भरताना पाय घसरला, इतकंच सांगजो. नाही तं पोलिसाचा जमादार धरून नेईल." मी विहिरीत आपल्या मनानं गेली होती, हे त्याले चांगलं ठाऊक होतं. कापसाले सोन्याचा भाव आला अन् त्या मस्तीत त्यानं घरात सवत आनली. मंग माह्यं काय राह्यलं होतं त्या घरात?

डाक्तर यायचा, कागदावर काहीबाही खरडायचा. "पाय घसरला न?" मी मान हालवायची. कंपाउंडरही तेच इचारायचा. ते कागद कुठं जाते, कोन वाचते, देव जाने! त्यायचं औषध तोंडात धरून मी खिडकीबाहेर थुकून देत होती.

सगळ्यात जास्त भेव वाटे दवाखान्यातल्या दाईचं. दारात बसून नुसती माह्या हाताकडं पाहून राहे. विहिरीवर जायच्या आधी मी चांदीचे गोट काढून माह्या पोरीच्या हातात घातले होते. मनगटावर त्यायचे पांढरे पट्टे तेवढे उरले होते. एका दुपारी ती बोललीच, "पानी भराले कोनी गोट काढून जाते का वं?"

 मेली, आता जमादाराले सांगून देते!

दुसऱ्या दिवशी जमादार आला. माह्यं सारं आयकून घेतलं, अन् त्याचीही नजर मनगटावर अडली. "दागिना कुठं आहे?" माह्यं तोंड उघडायच्या आधीच दाई खेकसली, "हात सुजले होते तिचे! मीच काढून घरच्यायपाशी देल्ले." जमादार गेला.

पन मी काय इश्वास ठेवते? फुकट कोन खोटं बोलते? घरी जायच्या दिवशी मी तिले इचारलंच, "गोट पाह्यजेत का तुले?"

"चूप! मोठी आली गोटवाली!" ती भडकली. मंग माह्यं मनगट धरून हळूच म्हने, "विहिरीत गेली काहून होती वं?"

आठ दिवसांत हे कोनीच इचारलं नव्हतं. मी ढसाढसा रडली, अन् सारं सांगून टाकलं.  शेवटी ती म्हने, "पुन्हा तसं वाटलं का सरळ इकडं येजो. पाय मुरगळला म्हनून सांगजो घरी. मी हाव इथं."

त्या साली माहा पाय चारदा मुरगळला.