दाबमास्तरांची शेवटची पद्धत

बस डेपोतल्या अवजारांच्या खोलीचे जे मुख्य होते, त्यांना सगळे दाबमास्तर म्हणत. सकाळी पाने-पकडी द्यायच्या आणि संध्याकाळी परत घ्यायच्या, हे त्यांचं पगाराचं काम. जीव मात्र अडकला होता दुसरीकडे. वर्षातून एकदा विश्रांतीच्या खोलीत बाकं भिंतीला लावून ते ड्रायव्हर, कंडक्टर, फिटर सगळ्यांना प्रथमोपचार शिकवत. त्यातही बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं तगवायचं, हा त्यांचा खास विषय. बाकीचं जग त्याला सीपीआर म्हणे. मास्तर 'विद्या' म्हणत.

ही विद्या त्यांना अग्निशमन दलातल्या एका निवृत्त बंबवाल्याने दिली. तेव्हा मास्तर ऐन विशीत होते आणि रीत अशी होती, की माणूस पडला की त्याला पालथा घालायचा, त्याच्या डोक्याशी गुडघे टेकायचे, पाठ दाबायची आणि मग कोपरं धरून हात वर ओढायचे. मास्तरांनी हे इतकं मनावर घेतलं, की लग्नानंतर सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा बायकोच्या धाकट्या भावालाच पालथा घालून प्रात्यक्षिक दाखवलं. पोरगं तासभर खांदे चोळत बसलं. पुढे तोच मेव्हणा त्याच डेपोत रंगारी म्हणून लागला, पण भावोजींच्या वर्गात काही फिरकला नाही.

"एकदा फुकटचा मेलोय मी तुमच्या हातून," तो म्हणायचा. "आता बास!"

मग वरच्या ऑफिसातून माणूस आला आणि म्हणाला, पालथं नाही, उताणं. पाठ नाही, छाती. आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. मास्तरांनी रात्रीतून कूस बदलली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "पालथं घालणारे लोक अडाणी होते. माणूस काय गोणपाट आहे?" कालपर्यंत गोणपाट कोण झटकत होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पुढे हेच होत राहिलं. दोघं मदतीला असतील तर पाच दाबांना एक श्वास, असं आधी ठरलं. मास्तरांनी ते पाढ्यासारखं घोटून घेतलं. मग आलं, एक असो की दोघं, पंधराला दोन. "पाचाला एक म्हणजे नुसती उठबस," मास्तर म्हणाले. मग आलं तिसाला दोन. "पंधराला दोन ही शुद्ध घाई होती!" आधी मनगट-मान चाचपून नाडी बघायची होती, पुढे सामान्य माणसाने त्या भानगडीत पडूच नये असं ठरलं. आधी बरगड्यांच्या कडेने बोट नेत नेत छातीच्या हाडाचं टोक शोधायचं, त्यावर दोन बोटं सोडायची, मग हात ठेवायचा. पुढे ते सगळं मोडीत निघालं आणि छातीच्या मधोमध ठेवा म्हणाले. दर खेपेला मास्तरांचा आवाज तेवढाच ठणठणीत असायचा, आणि दर खेपेला ते म्हणायचे, "ही शेवटची पद्धत. आता यात बदल नाही."

शिकलेल्यांना ते पत्र्याचा बिल्ला द्यायचे. पाचवाल्यांना हिरवा, पंधरावाल्यांना पिवळा, तिसवाल्यांना लाल. नवी पद्धत आली की जुन्यांना बोलावून सुधारून घ्यावं, हे मास्तरांच्या मनात कधी आलं नाही. एकदा शिकवलं ते शिकवलं. दिलेला बिल्ला परत मागायला त्यांना लाज वाटायची.

शिकवायला एक पुतळा होता. कमरेवर माणूस, कमरेखाली काही नाही. मेव्हण्याने खिडकीतून एकदाच डोकावून त्याचं नाव ठेवलं, जावईबापू. "सतरंजीवर उताणे पडलेत, चार माणसं सेवेला, आणि उठायचं नाव नाही. आमच्या घरी अगदी असेच येतात!" डेपो खदखदून हसला. मास्तरांनी ते मनात ठेवलं. या जावईबापूंच्या छातीत एक कळ होती. पुरेसं दाबलं की आतून टक असा आवाज यायचा. सगळ्या डेपोला दाबणं म्हणजे टक होईपर्यंत दाबणं एवढंच ठाऊक होतं. छाती आता पूर्वीपेक्षा खोल दाबायची असते, असं पुढे वरून कळवलं गेलं, पण कळ बापडी जुन्या मापाची. ती जुन्या मापालाच टक म्हणायची आणि मास्तर मान डोलवायचे.

शेवटी जे आलं, ते मात्र मास्तरांच्या घशाखाली उतरेना. वरच्या ऑफिसातल्या शिबिरात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की श्वास देणं जमत असेल तर द्या, नसेल तर नुसती छाती दाबा. जोरात, भरभर, न थांबता. अडून मात्र राहू नका. आता मास्तरांची खरी कला होती ती श्वासाची. हनुवटी कशी उचलायची, नाक कसं चिमटायचं, रुमाल कसा घालायचा, यावर ते अर्धा तास बोलत. त्या अर्ध्या तासात कंडक्टर मंडळी लाजत, ड्रायव्हर मंडळी शिट्ट्या मारत, आणि मास्तर राजासारखे उभे असत. तेच काढून घेतलं तर उरतं काय? "उद्या म्हणतील, लांबून फुंकर घाला," असं पुटपुटत ते परत आले आणि त्या वर्षी वर्ग घेतलाच नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, "मला पटल्याशिवाय मी शिकवत नसतो."

"तुम्हाला न पटलेलं तुम्ही आजवर किती वेळा शिकवलंत, तेही सांगा," ती म्हणाली. मास्तरांनी पेपर उघडला.

आणि मग एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रंगाच्या शेडमध्ये मेव्हणा पडला. निम्मी बस रंगवून झाली होती. ब्रश हातात, आणि माणूस जमिनीवर.

धावत सगळ्यांत आधी पोचला तो म्हातारा फिटर. हिरवा बिल्ला. त्याने मनगट धरलं.

"नाडी बघतोय. बोलू नका कुणी."

"अहो, नाडी बघायची नसते आता," मागून तिकीट खात्यातला कारकून म्हणाला. पिवळा बिल्ला. "हाडाचं टोक शोधा आधी. दोन बोटं मोजा."

"कुणाची बोटं? माझी की त्याची?"

"बोटं नाही मोजायची!" लाल बिल्ल्याची कंडक्टरबाई गर्दीतून घुसली. "मधोमध! आणि तिसाला दोन."

"पाचाला एक."

"पंधराला."

"कुणी सांगितलं?"

"मास्तरांनी!" तिघं एकदम म्हणाले.

मास्तर डबा टाकून आले तेव्हा हे चाललेलं. तिघांनी माना वळवल्या. "आलात? आता तुम्हीच सांगा, कुणाचं बरोबर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आणि इतक्या वर्षांची सवय, आतून आपोआप वर्गाचा आवाज निघाला: "प्रथम आपण परिसर सुरक्षित आहे का ते—"

"मास्तर!" कंडक्टरबाई किंचाळली. "मेव्हणा आहे तुमचा!"

मग त्यांनी खाली बघितलं. मेव्हण्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मधूनच तोंड उघडून तो पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा एक आचका देई. "श्वास चालू आहे की," फिटर म्हणाला. शिबिरात डॉक्टरीणबाईंनी हेच बजावून सांगितलं होतं, की असले आचके म्हणजे श्वास नव्हे. तेव्हा मास्तर रागाने खिडकीबाहेर बघत बसले होते. पण कान काही रुसत नाहीत.

"ॲम्ब्युलन्सला फोन करा. हृदय बंद पडलंय म्हणून सांगा," म्हणत ते गुडघ्यांवर आले. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा. दाबलं. पाच झाले आणि हात आपसूक थांबून ते तोंडाकडे वाकले.

"थांबू नका!" कंडक्टरबाई ओरडली.

पुन्हा दाबलं. पंधराला हात पुन्हा अडखळला. अंगात मुरलेली एकेक पद्धत आपापल्या आकड्यावर येऊन उभी राहत होती. शिवाय कान टक ऐकायला टवकारलेले, आणि मेव्हण्याची छाती काही टक म्हणेना. मास्तरांना घाम फुटला. हे पुरेसं आहे की नाही, कसं कळणार? त्यांनी दात-ओठ खाऊन अजून खाली दाबलं. आवाज आला. पण तो काही कळीचा नव्हता.

"बरगडी गेली!" फिटरने डोळे झाकले. "सोडा, सोडा त्याला!"

मास्तरांचे हात ढिले पडले. आयुष्यात त्यांनी एकही खरी छाती दाबली नव्हती. आपण याला मारलं, असं मनात आलं, आणि पाठोपाठ आलं, की मेलेल्याला अजून काय मारणार?

"बरगडी सांधली जाईल," ते स्वतःलाच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. या वेळी त्यांनी एकही आकडा मोजला नाही. दमले तेव्हा ओरडले, "हिरवा, ये इकडे! मी केलं तसंच कर. श्वास नाही, मोजणी नाही. नुसतं दाब." फिटर दमल्यावर कारकून, कारकुनानंतर कंडक्टरबाई. ॲम्ब्युलन्सवाले मशीन घेऊन आले, झटका दिला, पुन्हा दाबलं, पुन्हा दिला. दुसऱ्या झटक्यानंतर मेव्हण्याचं हृदय कुरकुरत का होईना, सुरू झालं.

इस्पितळात तिन्ही बिल्ले एकत्रच भेटायला गेले. आपापल्या पद्धतीनेच तो वाचला, याबद्दल तिघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मोडलेल्या बरगड्या दोन निघाल्या. त्यातली वरची कुणाची, यावर फिटर आणि कारकून यांच्यात खाटेपाशीच जुंपली.

मेव्हणा हसू शकत नव्हता. हसला की कळ यायची. तो हळूच म्हणाला, "भावोजी, एवढा जोर वर्गात कधी दिसला नाही. मनात काय काय आलं होतं दाबताना, खरं सांगा."

मास्तर त्याच्या पायावरची चादर उगीच नीट करत राहिले.

बरं वाटेपर्यंत मेव्हण्याला बहिणीने आपल्याच घरी आणलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने बाहेरच्या खोलीत पलंगावरची जाड उशी जमिनीवर टाकली आणि पदर खोचून तिच्यापुढे बसली.

"शिकवा मला."

"तुला?"

"भाऊ घरात आहे. तुम्ही दिवसभर डेपोत. शिकवा."

मास्तरांनी घसा खाकरला. "हृदयक्रिया म्हणजे काय, हे आधी समजून—"

"भाषण नको. हात कुठं ठेवू?"

"मधोमध."

"मग?"

"जोरात दाब. भरभर. पूर्ण वर येऊ दे, पुन्हा दाब. मदत येईपर्यंत थांबू नकोस."

"मग?"

मास्तर विचार करू लागले. "मग काही नाही," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि दाबायला सुरुवात केली. सरळ कोपरं, अख्ख्या अंगाचा भार, एकदाही खंड नाही. संसारातलं काय काय त्या उशीत जात होतं देव जाणे. इतकी चांगली विद्यार्थिनी मास्तरांनी वर्गात बघितली नव्हती. उशीची शिवण उसवून कापूस बाहेर आला.

"ताई, माझ्यावर सराव करू नकोस हं," आतून मेव्हणा ओरडला, आणि लगेच कळ येऊन "आई गं" म्हणाला.

"तू गप पड," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. मास्तर उकिडवे बसले आणि उडणारा कापूस गोळा करू लागले.