कोपऱ्यातल्या खाटेची रेघ

गॅस बंद केला का, हे बघायला वहिनी हमखास अर्ध्या वाटेतून परत येतात. धाकटी नणंद त्यांना ‘शंकासुर’च म्हणते.

वहिनी नेटवर्कचे प्रोग्राम लिहितात. इस्पितळात रुग्णांच्या हृदयाचे ठोके वायरलेसने सिस्टरच्या पडद्यावर पोचतात. वाटेतल्या यंत्राने या माहितीचं कुठलं पाकीट कुठे धाडायचं, याचे नवे नियम त्यांनी लिहिले होते. चाचणी बिनचूक झाली होती, तरी नियम सुरू करताना त्या वॉर्डात येऊन उभ्या राहिल्या.

आणि पडद्यावरून कोपऱ्यातल्या खाटेची रेघ गायब झाली.

“सिस्टर, ते आजोबा...?” वहिनी खाटेकडे वळल्या.

“चहा मागताहेत. तुम्ही पडद्याचं बघा, बाई!”

वहिनींनी लगेच जुने नियम परत चालू केले. रेघ परत आली, पण त्यांचा जीव अर्धाच भांड्यात पडला.

त्या कोपऱ्यात सिग्नल पोचत नाही म्हणून भिंतीवर तो पुढे पोचवणारा एक मधला डबा बसवलेला होता. त्याच्यामार्फत येणाऱ्या पाकिटावर एक पत्ता जास्त असतो. नियमांना तीनच पत्ते ठाऊक. चौथा दिसताच त्यांनी पाकीट खराब समजून फेकून दिलं. चाचणीच्या खोलीत असा डबा नव्हताच.

“असे डबे आणखी कुठे आहेत?”

“मला काय ठाऊक? बाळंतिणींच्या मजल्यावर असतील.”

भिंती न्याहाळत वहिनी जिना चढू लागल्या, तोच घरून नणंदेचा फोन आला.

“शंकासुर, आज गॅस बघायला आला नाहीत?”

वहिनींना गॅस आठवलाही नव्हता.