घरच्या मिरचीच्या दोन ओळी

आमच्या वावरात मिरची लावली की धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या दोन ओळी घरच्या असतात. त्यांच्यावर फवारा मारायचा नाही. बाकीची मिरची परतवाड्याच्या बाजारात जाते, तिच्यावर आठवड्याला फवारा. हे मी सासूकडून शिकले नाही, तिच्या वेळी फवारेच नव्हते. हे आमचं आम्हीच ठरवलं. आजूबाजूच्या वावरांतही हेच चालतं, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

त्या दोन ओळींचं मी वर्षाचं तिखट करते. त्यातला एक डबा अमरावतीला लेकीकडे जातो. तिला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं. नातू आता तीन वर्षांचा आहे, वरणभातावरून भाजीपोळीवर आला आहे. लेकीने फोनवर बजावलं होतं, "माय, बाहेरचं तिखट त्याले देत नाही मी. तुझंच पाहिजे, बिनफवाऱ्याचं."

मी म्हटलं, "घरचं म्हणजे घरचंच व."

यंदा मिरचीवर बोकड्या रोग आला. पानं आखडून गोळा झाली. आधी बाजारच्या मिरचीची, मग घरच्या ओळींची. मुलगा पाठीवर पंप घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "या दोन सोडू का?"

"मार त्याच्यावरबी," मी म्हटलं. "वर्षभर काय पाल्याचं तिखट करू?"

हे माझ्याच तोंडचे शब्द आहेत. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाहीत. तोडणीपर्यंत तीन फवारे झाले. शेवटच्या फवाऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी लाल मिरची तोडली.

मला वाटलं, ऊन आहे. आमच्या उन्हात स्लॅबवर पाय ठेववत नाही, तिथे औषध काय टिकणार? मिरची धुतलीही नाही. धुतली की काळी पडते, बुरशी धरते, म्हणून आमच्याकडे कोणी धुवत नाही. कडकडीत वाळली, देठ खुडले, कांडपावरून कुटून आणली.

मुलाची मुलगी अकोल्याला शेतीचं शिकते. ती सुटीत आली होती. डब्याला झाकण लावता लावता मी तिला बोकड्याचं आणि फवाऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हा डबा आत्याले देऊन राहिली का तू?"

"मंग कोणाले देऊ?"

"उन्हानं औषध थोडं जाते. पण मिरचीतलं पाणी त सगळंच जाते न. चार किलोची एक किलो झाली. चार किलोवरचं औषध आता एका किलोत आलं."

"तिखट कोणी किलोनं खाते का व पोरी?"

"चिमूटभरच खातेत. पण रोज खातेत. धुऊन वाळवली असती त वरचं थोडं निघालं असतं. आणखी थांबून तोडली असती त आणखी गेलं असतं."

"तुह्या बापाले काहून नाही सांगतलं?"

"धुवाचं, थांबाचं मागंच सांगतलं होतं. तो म्हणे, अकोल्यात बसून शेती सोपी असते."

मी चौथी शिकले. पण गूळ करताना रस आटतो आणि गोडी कढईत राहते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मिरचीच्या बाबतीत ते कधी डोक्यात आलं नाही. मग बाजारच्या मिरचीचं आठवलं. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, लोक धुऊन खातील. लाल मिरची कोण धुऊन खातं? तीही अशीच वाळते, अशीच कुटली जाते. कोणाच्या तरी नातवाच्या भाजीत ती जातच होती. तेव्हा माझी झोप उडाली नव्हती.

डबा घेऊन एस.टी.ने अमरावतीला गेले. यंदा मिरची बसली, तिखट झालंच नाही, असं सांगून घरी राहता आलं असतं. लेक नातवाला भरवत होती. मी पाणीही प्यायले नाही.

"या तिखटावर फवारा आहे," मी म्हटलं. "तीन वेळा. मीच मारायले लावला. पोराले देऊ नको."

तिचा घास हातातच राहिला. "तुले सांगतलं होतं न माय मी?"

"सांगतलं होतं."

"मंग आता काय देऊ त्याले? बाजारातलं?"

"बाजारातलंबी तसंच."

"तसंच म्हणजे? तुमचंच असन न ते!"

तिने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. दुपारी तिने दोन पातेल्यांत भाजी केली. लहान पातेल्यात नुसतं मीठ आणि जिरं, पोरासाठी. मोठ्या पातेल्यात माझं तिखट, जावयासाठी, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी.

"तू बी काहून खाते?" मी विचारलं.

"मंग काय खाऊ?" ती म्हणाली आणि मला वाढलं.

मी जेवले. तिखट चांगलं झालं होतं. रंगही आला होता.