कैलासची बिनसीटची गाडी

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साचतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला माणूस तरी येतो. किस्से मलाच सांभाळावे लागतात. आणि ते ऐकून लोक हसायला लागले की माझं डोकं फिरतं, कारण आज हसणारे हेच लोक तेव्हा माझ्या डोक्यावर उभे राहून सल्ले देत होते!

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, मागे घर. मोटारसायकल, स्कूटर, शेतातलं डिझेल इंजिन, फवारणीचा पंप, जे दारात आलं ते मी चालू करून पाठवलं. पण कैलासनं आणली तसली गाडी वैऱ्याच्या दारात येऊ नये.

कैलास माझा शाळेतला दोस्त. बदनापूरजवळ त्याची मोसंबीची बाग आहे आणि एक मोठं शेततळं. त्या तळ्यावर त्याला शहरातल्या लोकांसाठी पिकनिक स्पॉट काढायचा होता. त्याचे वडील, म्हणजे अण्णा, ऐकायला तयार नव्हते. तळ्यातलं पाणी झाडांचं, माणसांनी त्यात खेळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एवढ्यावर आले की दिवाळीच्या आत काय करायचं ते करून दाखव, नाहीतर तळ्याभोवती नवी मोसंबी लावणार आणि सगळं पाणी तिला. मग या पठ्ठ्यानं काय करावं? कोकणातून सेकंडहँड जेट स्की आणली. पाण्यावर चालणारी स्कूटर म्हणा, पण बसायची नाही, उभं राहून चालवायची. आणि ती चालूच होईना.

*

टेम्पोतून गाडी उतरली आणि अर्धी गल्ली जमा झाली. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, सीट कुठंय? सीट नसतेच, ही उभ्यानं चालवतात, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कोणाला पटेना. टेम्पोवाल्यानं रस्त्यात सीट विकली, इथपर्यंत चर्चा गेली. टेम्पोवाला बिचारा शपथा घ्यायला लागला.

माझ्या शेजारी रफिकभाईंचं सीटकव्हरचं दुकान आहे. ते एवढा वेळ गप्प होते. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस निघाला. तोवर ते टेप घेऊन आले आणि शांतपणे उभं राहायच्या जागेची लांबी-रुंदी मोजून मला म्हणाले, "डबल सीट बनेगी. फोम कौनसा डालू?"

*

बटण दाबलं की काहीच होत नव्हतं, साधा टक आवाजही नाही. मी बॅटरी बदलली. स्टार्टरच्या वायरी काढून तपासल्या, परत लावल्या. रिले बदलला. जेवायला घरात गेलो तरी डोक्यात वायरीच. शेवटी ज्याच्याकडून गाडी घेतली त्या कोकणातल्या माणसाला फोन लावला. त्यानं विचारलं, लाल दोरीची क्लिप बटणाखाली लावली का?

या गाडीला एक लाल पिळाची दोरी असते. एक टोक मनगटाला, दुसऱ्या टोकाची क्लिप बटणाखाली. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. क्लिप नसेल तर स्टार्टर फिरतच नाही. मी पुढे जाऊन बघतो तर ती दोरी गाडीच्या नाकावर लिंबू-मिरचीसोबत बांधलेली!

कैलास म्हणाला, "मला वाटलं त्या माणसानं नजर लागू न्हाई म्हणून दिली."

बंद गाडीला कोणाची नजर लागणार होती, हे मी त्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली, पण लिंबू-मिरची काही काढली नाही.

*

क्लिप लावल्यावर स्टार्टर फिरला, पण इंजिन पेटेना. आता सल्ल्यांना ऊत आला. प्लग बघितला का? अरे, गाडी बंद पडली की प्लग बघतात हे मला माहीत नाही का! बियाण्यांच्या कंपनीतले कामगार शिफ्ट सुटल्यावर बाइक थांबवून विचारायचे, प्लग बघितला का. एक पाहुणे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. पत्रिका हातात द्यायच्या आधी त्यांनी गाडीकडे बघून विचारलं, प्लग बघितला का? मी त्या लग्नाला गेलो नाही.

पुन्हा कोकणात फोन केला. तो माणूस म्हणाला, इथं समुद्रात तर एका बटणावर चालू व्हायची. मग त्यानं चौकशी केली, "तुमच्याकडचं पाणी खारं की गोडं?"

मी म्हणालो, "आमच्याकडं पाणी कधी येतं, ते विचारा आधी."

*

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. ते ओतून दिलं, कार्बोरेटर उघडून साफ केला. आता ताजं पेट्रोल पाहिजे. कॅन घेऊन पंपावर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, कॅनमध्ये देता येत नाही, नियम आहे, गाडी घेऊन या. मी त्याला पाण्यावरची गाडी म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, असू दे, घेऊन या.

मग आणली! हातगाडीवर जेट स्की, पुढे मी, मागून ढकलायला कैलास, आणि रांगेत उभा असलेला सगळा एमआयडीसीचा माणूस आमच्याकडे तोंड करून. कोणी मोबाइल काढला, कोणी विचारलं ॲव्हरेज किती देते. मी दात-ओठ खात टाकी भरून घेतली. निघताना हवा भरणाऱ्यानं वर न बघताच सवयीनं विचारलं, हवा चेक करायची का?

त्याचा मला राग आला नाही. राग आला कैलासचा. तो म्हणाला, "न्हाई, बराबर आहे."

*

आता नळाचं ऐका. हे इंजिन बाहेरच्या पाण्यावर थंड होतं, म्हणून जमिनीवर चालवायचं तर नळाचा पाइप जोडावा लागतो. पण आधी इंजिन चालू करायचं, नंतर पाणी सोडायचं. उलटं केलं की पाणी सायलेन्सरमधून थेट इंजिनात. आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, म्हणून मी सकाळपासून पाइप जोडून, तोटी बंद करून बसलो. बायकोला सांगितलं, मी म्हणेपर्यंत तोटीला हात लावायचा नाही.

मी बॅटरी आणायला आत वळलो आणि गल्लीत ओरडा झाला, नळ आला! परत येऊन बटण दाबतो तर इंजिन जाम. दोन्ही प्लग काढून पुन्हा बटण दाबलं. दोन पिचकाऱ्या उडाल्या, दोन्ही माझ्या तोंडावर. बायको शेजारी हंडा घेऊन उभी, तोटी पूर्ण उघडी.

मी काही बोलायच्या आत तीच कडाडली, "नळ आला आन् तोटी बंद ठेवू? जालन्यात कोन ठेवतं?"

एवढ्यात समोरच्या कमलभाभी ओट्यावर आल्या. इंजिनातून वाहणारं पाणी त्यांनी बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "प्यायला पाणी न्हाई, आन् हे मशीनला आंघोळ घालून राह्यले." चूक कोणाची, आणि बोलणी कोणाला!

*

इंजिनातलं पाणी काढलं, आत तेल सोडलं, नवे प्लग लावले आणि ठरवलं की आता घरी एक थेंब उडवायचा नाही. जे काय व्हायचं ते तळ्यात. दिवाळी तोंडावर आली होती.

तळ्यावर पोचलो तर बांधाला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, मोसंबीच्या कलमांनी भरलेली. अण्णा ट्रॉलीला टेकून उभे होते. आमचं होतंय काय ते बघायचं आणि लगेच खड्डे घ्यायला लावायचे, अशी पूर्ण तयारी. मला असा संताप आला!

गाडी सुटून जाऊ नये म्हणून मी तिची मागची बाजू दोरानं बांधावरच्या खांबाला बांधली. कैलास कमरेएवढ्या पाण्यात उतरला, क्लिप लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली! कैलासनं आनंदाच्या भरात रेस पिळली. गाडी दोराला ओढ देत जागेवरच थरथरली आणि मागून पाण्याचा असा लोंढा सुटला की तळ्याच्या कडेला आपटून, बांध ओलांडून, मोसंबीच्या पहिल्या ओळीवर जाऊन पडला. वाटेत अण्णा होते.

कैलासनं घाबरून इंजिन बंद केलं. धोतरापासून टोपीपर्यंत भिजलेले अण्णा बांधाच्या पलीकडे उतरले. पाणी कुठपर्यंत गेलं ते त्यांनी झाडाझाडाशी वाकून बघितलं. मग परत आले, पाण्याजवळ उकिडवे बसले आणि गाडीच्या मागच्या तोंडाला वीत लावून बघितली.

"बंद कामून केली? चालू कर," ते कैलासला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"शिवा, याला किती इंची पाइप बसंल रे?"