उलटी बाजू दाखव

आमची आत्या कुणाची साडी आवडली की आधी तिचा पदर उलटा करून बघायची. भर लग्नात, नवरीचासुद्धा! मागे धाग्यांचा गुंता दिसला की नाक मुरडायची आणि काम साफ दिसलं की अनोळखी बाईलाही मिठी मारायची. "पुढून सगळेच सजतात गं, उलटी बाजू दाखव," हे तिचं ठरलेलं वाक्य.

जबलपुरात, चेरीतालच्या घराच्या पुढच्या खोलीत ती सलवार-सूटांवर भरतकाम करवून घ्यायची. हाताखाली सहा बायका. काम देखणं, पण एकेका सूटला दोन-दोन दिवस लागायचे आणि दुकानदार तर मागे लागलेले. अशात एका प्रदर्शनात तिनं भरतकामाची जपानी मशीन पाहिली. नमुना उलटा केला आणि तिथूनच मला फोनवर ओरडून सांगितलं, "अगं, मागूनही साफ आहे!"

मशीन येणार म्हटल्यावर बायकांची तोंडं उतरली. सगळ्यांत जुनी कमला म्हणाली, "दीदी, फिर हम क्या करेंगे?" आत्यानं तिथल्या तिथे शब्द दिला, एकीचंही काम गेलं तर मशीन परत जाईल. आत्याचा शब्द म्हणजे शब्द, हे आम्हाला ठाऊक होतं.

मशीन आली आणि खोलीचं रूपच पालटलं! वेलबुट्टी मशीन भरायची, आरसे-टिकल्या बायका हातानं लावायच्या. कमला तर महिन्याभरात स्क्रीनवर बोट फिरवून नक्षी बदलायला शिकली. लग्नसराईची मोठी ऑर्डर आली, तशी आत्यानं आणखी दोघींना कामावर बोलावलं.

खंडेनवमीला आत्यानं मशीनला हार घातला, हळद-कुंकू वाहिलं. दसरा आटोपून बटण दाबलं, तर दोन टाके घालून मशीन बंद! पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. माल चार दिवसांत द्यायचा होता. ऑर्डर हातची गेली तर नव्या दोघींना घरी पाठवावं लागणार आणि मग आत्या मशीनही ठेवणार नाही. त्या दोघी खाली मान घालून बसल्या होत्या.

मी कंपनीला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडच्या जपानी इंजिनियरनं एकेक भाग जवळून बघितला आणि मध्येच मला थांबवून काही विचारलं.

"काय विचारून राहिला तो?" आत्यानं विचारलं.

"आत्या, कुंकू कुठं लावलंस?"

"काहून? मधोमध, कपाळावर!"

"तो तिचा डोळा आहे गं! धागा तुटला की त्या काचेतून तिला कळतं."

आत्यानं जीभ चावली आणि कापसानं काच पुसली. सुया धडाधड सुरू झाल्या. आठही बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि सगळी हकिगत ऐकून इंजिनियर हात जोडत म्हणाला, पुढच्या वर्षी पायाला लावा. ऑर्डर वेळेत गेली.

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता गल्लीत चार घरांत अशा मशिनी आहेत. कोपऱ्यावरच्या धागेवाल्यानं दुकान वाढवलं, माल नेणाऱ्या ऑटोवाल्यांना फुरसत नाही. आमच्याकडे चौदा बायका काम करतात आणि सगळं कमला बघते. मला आत्याचा फार अभिमान वाटतो, आणि तिची आठवण तर रोज येते.

यंदा नवी मशीन आली. खंडेनवमीला कमलानं तिच्या पायाला कुंकू लावलं आणि दसऱ्यानंतर मशीनवरून पहिला सूट उतरवला. बघायला मी हात पुढे केला, तर ती देईना. तिनं आधी तो उलटा केला, नीट न्याहाळला आणि आत्याच्या फोटोसमोर धरला.

"देखिए दीदी," ती म्हणाली, "पीछे से भी साफ है."