फोटोसाठी थांबवलेली खिडकी

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत एक खिडकी होती. रुपयाच्या नाण्याएवढी, नितळ स्फटिकाची. बंगळुरूला संशोधन करणाऱ्या माझ्या भाचीने, शाल्मलीने, ती पुण्यातल्या प्रयोगशाळेतून उसनी मागवली होती. "मामा, काचेला बोट लावू नका," असे तिने फोनवर इतक्यांदा बजावले की विमानात मी बॅगेकडेही जपूनच पाहत होतो.

बंगळुरूत, कोरमंगलातल्या तिच्या घरी तिने मला खाराबाथ (मसालेदार उपमा) खाऊ घातला आणि खिडकीचे काम समजावले. लेझरचे अतिशय छोटे, जोरदार ठोके खिडकीतून गेले की एकाच रंगाच्या प्रकाशातून पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश निघतो. मात्र खिडकी मोटरने सतत हलती ठेवायची, एका जागी थांबली की ती जळते. प्रबंधासाठी शेवटचे मोजमाप दुपारी याच प्रकाशात घ्यायचे होते. दुसरी खिडकी मिळायला काही महिने लागले असते.

मग रिक्षा. बेळ्ळंदूरला थांबलो ते थांबलोच. "स्वल्प (थोडं) ट्राफिक, सार," रिक्षावाला म्हणाला. त्या स्वल्पात माझी एक डुलकी झाली आणि शाल्मलीने खिडकीची डबी मांडीवरून हलवली नाही.

महादेवपुऱ्यातल्या प्रयोगशाळेत खिडकी बसली, पडद्यावर पांढरा ठिपका उमटला आणि मला खरेच भरून आले. तेवढ्यात संचालक पाहुण्यांना घेऊन आले. संचालक बंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. एका पाहुण्याने, असा उजेड आपल्या मोबाइलचाही पडतो, हे नम्रपणे नोंदवले. सोबत आणलेल्या फोटोग्राफरची तक्रार वेगळीच होती: खिडकी हलते, फोटो नीट येत नाही.

"स्वल्प थांबव की गं ती मोटर," संचालक म्हणाले.

"सर, जळेल ती."

"अगं, एकच फोटो."

शाल्मलीचा हात पुढे होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच बटण दाबले. सगळे हसले. ठिपका थरथरला आणि विझला. खिडकीला तडा गेला होता. कार्यक्रम संपला असे समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भयंकर संताप आला. मी तोंड उघडणार, तोच खिडकी आणल्याबद्दल माझ्या डोक्यावर म्हैसूर पेटा (जरीची पगडी) चढवण्यात आला.

पुण्याला परतलो तेव्हा तो फोटो घरच्या ग्रुपवर पोचला होता. सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत, सवयीने मीसुद्धा. शाल्मली एकटी पडद्याकडे बघते आहे.

"या पोरीला फोटोत नीट उभंसुद्धा राहता येत नाही," तिच्या आईने खाली लिहिले होते.

एवढ्या प्रवासातून मी जे काही शिकून आलो होतो, ते बहिणीला लगेच कळवले: "ताई, तिथे काम करणारी ती एकटीच होती."