लेकीच्या फोटोखाली

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. भूकंपानंतर घरं बांधायच्या कामावर एका मुकादमाचा खून झाला, आणि तिथल्याच या गवंड्याला जन्मठेप झाली. “म्या केलाच नव्हता, सायेब,” तो म्हणाला. कित्येक वर्षांनी हायकोर्टानं त्याला निर्दोष सोडलं होतं. आता तो लातुरात शिकणाऱ्या लेकीला भेटायला निघाला होता. घडीघडी नव्या सदऱ्याची कॉलर सारखी करायचा आणि स्वतःशीच हसायचा.

लातूरला उतरलो. स्टँडबाहेर एका क्लासचा भलामोठा फलक होता, बारावीत चमकलेल्या मुलांच्या फोटोंचा. तो एकदम थांबला.

“बगा, बगा! ही माझी लेक हाय!”

रिक्षावाले जमले. चहावाल्यानं त्याच्या हातात फुकट कप ठेवला.

“माझा फोटो पेपरात आला तवा घरच्यांनी तोंड लपवलं,” तो मला म्हणाला. “आता हिच्या फोटोखाली जरा उभं ऱ्हातो.”

खरा खुनी कोण, हे मला आजही माहीत नाही. तो मात्र भर चौकात ताठ उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम घालत होता, आणि अनोळखी माणसंही हसून त्याला जयभीम म्हणत होती.